घरासाठी छोटा पण उंची स्पीकर कसा पारखायचा: गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा, म्हापसा, डिचोली, मडगाव, अधूनमधून पेडणे आणि काणकोण. माणसं वेगळी, पण प्रश्न फिरून तेच येतात. ते विचारणाऱ्यांच्याच शब्दांत खाली मांडले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगितलेली नाही, तिथे फक्त क्रमांक दिला आहे. घाईत असाल तर आधी ७ आणि ८ वाचा, कारण स्पीकर घेताना अर्धा हिशेब आपल्या खोलीचा असतो आणि तोच बहुतेकांचा राहून जातो.

१. 'कॉम्पॅक्ट हाय-फाय' म्हणजे नक्की काय? ब्लूटूथचा डबाही छोटाच असतो की.

हाय-फाय म्हणजे मूळ आवाजाशी इमान राखणारा. ब्लूटूथच्या डब्याचं काम गाणं दणदणीत ऐकवण्याचं. हाय-फाय स्पीकरचं काम गवई जसा गायला तसा तो आपल्यापर्यंत पोचवण्याचं. छोट्या आकारात हे जमतं हे बीबीसीने दाखवून दिलं. १९७० च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांत मोठे स्पीकर मावत नव्हते, म्हणून त्यांच्या अभियंत्यांनी एलएस३/५ए नावाचा जेमतेम फूटभर उंचीचा स्पीकर तयार केला. माणसाचा बोलता आवाज खरा लागतो का, ही त्याची मोठी कसोटी होती. त्याचे वूफर (खालचे स्वर वाजवणारा मोठा कोन) आणि ट्वीटर (वरचे बारीक स्वर वाजवणारा छोटा भाग) केईएफ या इंग्लिश कंपनीचे होते. त्याच कंपनीने २०१२ साली एलएस५० आणि २०२० साली एलएस५० मेटा काढला.

आज दुकानात तीन प्रकार मिळतील: वेगळा अॅम्प्लिफायर लागणारी जोडी, अॅम्प्लिफायर पोटातच असलेली जोडी आणि सगळं एकाच खोक्यात असलेला वायरलेस स्पीकर. तिसऱ्याबद्दल प्रश्न १२ पाहा.

२. तीस हजारांची जोडी आणि दीड लाखाची जोडी, फरक खरंच कानाला कळतो का?

कळतो, पण दणक्यात शोधाल तर सापडणार नाही. पैसा बराचसा कॅबिनेटवर, म्हणजे स्पीकरच्या खोक्यावर, गेलेला असतो. चांगल्या स्पीकरच्या कुशीवर बोटाच्या पेराने टकटक करा, आवाज ठक्क आणि मुका येतो. हलक्या स्पीकरवर तीच टकटक पोकळ लागते, आणि तेच पोकळपण गाण्याच्या प्रत्येक स्वरात मिसळत राहतं. उरलेला पैसा वूफर आणि ट्वीटर यांचा सांधा बेमालूम करण्यात आणि बाजूला बसलेल्यालाही आवाज नीट पोचवण्यात खर्च झालेला असतो.

तरीही माझं मत स्पष्ट आहे. फरशीच्या रिकाम्या खोलीत दीड लाखाची जोडी ठेवण्यापेक्षा साठ हजारांची जोडी, भक्कम स्टँड, जाड पडदे आणि एक सतरंजी हा सौदा कितीतरी चांगला.

३. दुकानात ऐकायला जातोय. नक्की काय लावू आणि काय ऐकू?

दुकानदाराची गाणी ऐकू नका. ती स्पीकर छान वाटावा म्हणूनच निवडलेली असतात. आपल्याला पाठ असलेल्या चार गोष्टी सोबत न्या.

पहिली, ओळखीच्या माणसाचा बोलता आवाज. मोबाइलवर आईचं किंवा मित्राचं दोन मिनिटांचं साधं बोलणं रेकॉर्ड करून न्या. रेकॉर्डिंग तंतोतंत नसेल, पण तो आवाज आपण जन्मभर ऐकलेला असतो. तो नाकात गेला, छातीत घुमला किंवा डब्यातून आल्यासारखा वाटला, तर कानाला तत्काळ टोचतं.

दुसरी, नुसता तानपुरा, पाच मिनिटं. जवारीची बारीक झळाळी तारेतारेतून वेगळी उमटली पाहिजे. कमअस्सल स्पीकरवर त्या झळाळीची सूं-सूं होते. मिनिटभर बरं वाटतं, मग डोकं चढतं.

तिसरी, पेटी. ओळखीच्या पेटीवाल्याकडून मंद्रापासून तारसप्तकापर्यंत सरळ सपाट आरोह वाजवून घ्या, भात्याचा दाब सारखा ठेवून. ऐकताना एखादाच स्वर उगाच पुढे उडी मारतो का, एखादा मागे दडतो का, ते पाहा. वूफर आणि ट्वीटरचा सांधा कच्चा असेल तर तो इथे पकडला जातो. ही कसोटी मी दुसऱ्या कशासाठीही सोडणार नाही.

चौथी आपल्या मातीतली: चवथीच्या आरतीतलं घूमट. मडक्याच्या मोठ्या तोंडावर चामडं, त्यावर उजवा हात, आणि डावा हात मागचं लहान तोंड झाकतो-उघडतो. त्या झाकण्या-उघडण्याने घुमारा वर-खाली वाकतो. चांगल्या स्पीकरवर हे वाकणं ऐकू येतं, डाव्या हाताचा तळवा डोळ्यांसमोर येतो. फुगवलेल्या बासच्या स्पीकरवर प्रत्येक थाप एकसारखी 'धप' होते. सोबतची कांसाळी चुरचुरली तर ट्वीटर तिखट आहे असं समजा, ती खणखणली पाहिजेत.

स्पीकरसमोर जाण्याआधी खरा आवाज कानात ताजा असू द्या. मंदिरातलं माइक नसलेलं भजन किंवा शेजारच्या घरची आरती पुरते.

४. दोन जोड्या लागोपाठ ऐकल्या की जास्त जोरात वाजणारीच चांगली वाटते. फसतो का आपण?

हो, सगळेच फसतात. एका डेसिबलचा फरक 'मोठा' म्हणून जाणवत नाही, पण 'जास्त स्वच्छ', 'जास्त जिवंत' म्हणून जाणवतो. एका दुकानात माझ्यासमोरच महागडी जोडी लावताना विक्रेत्याने बोलता बोलता आवाजाची खुंटी थोडी पुढे सरकवली होती. हेतू वाईट असेलच असं नाही, पण तुलना तिथेच बिघडली.

उपाय सोपा आहे. मोबाइलवर आवाज मोजणारं अॅप घ्या, दोन्ही जोड्यांवर सपाट खळखळीचा, म्हणजे पिंक नॉइजचा, तोच तुकडा लावा आणि ऐकायच्या जागी आकडा सारखा करून घ्या. मग डोळे मिटा आणि जोडी बदलायचं काम सोबतच्या माणसाला द्या. कॅनडात आणि नंतर अमेरिकेत ध्वनितज्ज्ञ फ्लॉइड टूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पडद्याआड स्पीकर ठेवून वर्षानुवर्षं अशा चाचण्या घेतल्या. स्पीकर दिसत असला की नाव, आकार आणि किंमत यांच्यामुळे पसंती बदलते. दिसत नसला की बहुतेकांना सरळ, उंचसखल नसलेला आवाज आवडतो.

५. एवढ्या छोट्या स्पीकरमधून बास किती येणार?

काय ऐकता त्यावर. काळी एक स्वराच्या गायकाचा खर्जातला सा साधारण ६९ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६९ कंपनांवर, आणि मध्य सा १३९ च्या आसपास असतो. म्हणजे ६० हर्ट्झपर्यंत नीट उतरणारा स्पीकर ख्याल, नाट्यपद, भजन यांसाठी पुरेसा आहे. तियात्राच्या, म्हणजे कोंकणी संगीत नाटकाच्या, बँडमधली बेस गिटार मात्र ४१ हर्ट्झपर्यंत उतरते. तिथे छोटा स्पीकर पायाची एक पायरी गाळणारच.

माहितीपत्रक वाचताना नुसता खालचा आकडा बघू नका, त्यापुढे किती डेसिबल लिहिलंय ते बघा. एलएस५० मेटाचंच उदाहरण घ्या. अधिक-उणे ३ डेसिबलच्या मर्यादेत तो ७९ हर्ट्झपासून वाजतो, आणि ६ डेसिबल घसरण धरली तर ४७ पासून. आकडे दोन्ही खरे, अर्थ वेगळे. भिंतीचा आधार मिळाला की खोलीत तो यापेक्षा भरलेला लागतो, ते प्रश्न ९ मध्ये.

६. अॅम्प्लिफायर किती वॅटचा हवा? एक जण म्हणतो २०० हवेच.

बैठकीच्या खोलीला ५० प्रामाणिक वॅट भरपूर होतात. हिशेब असा: ८५ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर एका वॅटवर एक मीटरवर ८५ डेसिबल देतो. तीन मीटरवर मोकळ्या जागेत साडेनऊ कमी होतात, दुसऱ्या स्पीकरमुळे तीन वाढतात, म्हणजे ७८ च्या आसपास. घरातलं ऐकणं सरासरी ७० ते ७५ वर चालतं, म्हणजे वॅटभरसुद्धा लागत नाही. तबल्याची एखादी थाप ९० ला गेली तर क्षणभर पंधराएक वॅट लागतात. वॅट दुप्पट केले तरी फक्त ३ डेसिबल वाढतात. खोक्यावर 'पीएमपीओ' म्हणून छापलेल्या हजारोंच्या आकड्यांकडे लक्षच देऊ नका.

७. आमचं जुनं चिऱ्याचं, कौलारू घर आहे. तिथे छोटा स्पीकर हरवून जाईल का?

हरवत नाही, पण त्याला जवळ घ्यावं लागतं. अशा घराच्या बाजूने बरंच काही आहे. छप्पर उतरतं असल्याने ते आणि फरशी एकमेकांना समांतर नसतात, त्यामुळे आवाज दोघांत टोलवला जात नाही. गिलावा नसलेला खडबडीत चिरा आवाज विखुरतो. वाशांमधून आणि कौलांच्या फटींतून बासचा दाब निसटून जातो, म्हणून फ्लॅटमधली ती घुसमटलेली घूं-घूं इथे क्वचितच होते.

उणी बाजू याच गोष्टींतून येते. बास निसटतो म्हणून छोटा स्पीकर पातळ वाटतो, आणि आवाज वाढवण्याची चूक होते. आवाज वाढवू नका, खुर्ची पुढे घ्या. दोन स्पीकरमध्ये दीड-दोन मीटर अंतर, तेवढंच अंतर तुमच्यापासून प्रत्येक स्पीकरचं, असा समभुज त्रिकोण करा. सालाच्या, म्हणजे दिवाणखान्याच्या, एका बाजूला असा त्रिकोण केला की उरलेलं घर केवढं का असेना.

बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बाकांच्या ओसरीत, बसून आतलं गाणं ऐकायची आपली जुनी सवय आहे. तिचा आनंद वेगळा, पण तिथून स्पीकर पारखू नका. दारातून येणारा आवाज म्हणजे अर्धा स्पीकर आणि अर्धं घर. आणि मुसळधार पावसात कौलांखाली बारीक काही ऐकूच येत नाही, त्यामुळे पारख उघडिपीच्या दिवशी करा, पंखा बंद ठेवून.

८. फ्लॅट आहे, सगळीकडे चकचकीत फरशी. आवाज घुमतो आणि कानाला लागतो. स्पीकर बदलू?

थांबा. खोलीच्या मध्यभागी उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. मागून 'टर्रर्र' अशी झिणझिण आली तर दोष खोलीचा आहे आणि कुठलाही स्पीकर आणला तरी तो तसाच राहील. समोरासमोरच्या उघड्या भिंती, स्लॅब आणि फरशी यांच्यामध्ये आवाज टप्पे खात असतो.

स्पीकर आणि तुमच्यामध्ये फरशीवर जाड सतरंजी घाला. काचेच्या खिडकीवर चुण्यांचा जाड पडदा हवा, एकेरी झिरझिरीत नको. पुस्तकांचं कपाट एका बाजूच्या भिंतीला लावा. परीक्षा घ्यायची तर आजीच्या दोन गोधड्या आणि एक गादी भिंतीला टेकवून तेच गाणं पुन्हा लावा. हा प्रयोग फुकटचा आहे, आणि तो करून पाहणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी मग नवा स्पीकर घेतलेला नाही.

बासचं दुखणं वेगळं, ते गोधडीने बरं होत नाही. ४ मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झच्या आसपासचा स्वर फुगतो, ३ मीटरला ५७ च्या आसपास. खोली अगदी चौकोनी असेल तर दोन्ही दिशांचा फुगवटा एकाच स्वरावर येतो आणि डग्गा ढोलासारखा लागतो. मागच्या भिंतीला पाठ टेकून बसत असाल तर सोफा दोन-अडीच फूट पुढे घ्या. बहुतेक वेळा तेवढ्याने निम्मं काम होतं.

९. शोकेसमध्ये, टीव्हीशेजारी किंवा कोपऱ्यात ठेवला तर काय बिघडतं?

शोकेसच्या बंद कप्प्यात ठेवला तर कप्पाच वाजू लागतो. कोपऱ्यात ठेवला तर दोन भिंती आणि जमीन मिळून बास फुगवतात आणि गायक घसा बसल्यासारखा वाटतो. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, म्हणजे साधारण तीन फुटांवर हवा. मागे पोर्टचं, म्हणजे बास बाहेर सोडणारं, भोक असेल तर भिंतीपासून निदान फूटभर अंतर ठेवा. तेवढी जागाच नसेल तर सोबत मिळालेला फोमचा बोळा भोकात घाला. बास थोडा कमी होतो, पण आखीव होतो.

१०. आपल्या पावसाळ्यात आणि खाऱ्या हवेत महाग स्पीकर टिकतो का?

टिकतो, पण त्याला माणसासारखं सांभाळावं लागतं. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस झेलणारा मुलूख आहे हा. एमडीएफच्या, म्हणजे दाबलेल्या लाकडी तंतूंच्या, कॅबिनेटला खालच्या कडेने ओल चढते, म्हणून तो जमिनीवर किंवा झिरपणाऱ्या भिंतीला लागून ठेवू नका. जाळीच्या कापडावर बुरशी दिसली की जाळी काढून उन्हाच्या तिरिपेत ठेवा, ओल्या फडक्याने पुसू नका. वूफरच्या कोनाभोवतीची कड फोमची आहे की रबराची, हे घेण्याआधी विचारा. फोम दमट हवेत दहा-पंधरा वर्षांत बिस्किटासारखा भुगा होतो, रबर टिकतं. समुद्रकाठी वायरींच्या उघड्या तांब्यावर हिरवा कळंक चढतो. दरवर्षी चवथीआधी टोक अर्धा इंच कापून ताजं तांबं सोलून बसवा. आणि रोज अर्धा तास वाजवा, बंद खोलीत झाकून ठेवलेला स्पीकर लवकर बिघडतो.

एक गोष्ट माझ्याच घरातली. एका ऑक्टोबरात डावा स्पीकर बसका वाटू लागला. आधी वायर बदलली, मग बाजू बदलून पाहिली, बसकेपणा स्पीकरबरोबरच फिरला. शेवटी विजेरी घेऊन मागच्या पोर्टमध्ये डोकावलो तर आत कुंभारीण माशीने मातीचं घरटं लिंपलेलं, बोटभर लांब, तीन खणांचं. लाकडी चमच्याच्या दांड्याने हलकेच सोडवून काढलं आणि डग्गा परत आला. तेव्हापासून वाजवत नसताना पोर्टमध्ये फोमचा बोळा असतो. पालीही आत जातात, त्यांच्या अंड्यांची टरफलं मी दुसऱ्यांच्या स्पीकरमधून काढली आहेत.

११. ब्लूटूथवर ऐकलं तर महाग स्पीकर वाया जातो का?

वाया जात नाही, पण पारख ब्लूटूथवर करू नका. सीडीचा प्रवाह सेकंदाला १४११ किलोबिट असतो. साध्या ब्लूटूथवर त्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षाही कमी जातो, एलडीएसी ही ब्लूटूथची वरच्या दर्जाची पद्धत असेल तर जास्तीत जास्त ९९०. वायफाय किंवा वायर वापरून निर्णय घ्या, रोजच्या ऐकण्याला मग ब्लूटूथ चालेल.

१२. जोडीला जागा नाही. एकाच खोक्याचा वायरलेस घेऊ?

स्वयंपाकघर, झोपायची खोली किंवा सतत चालता-फिरता ऐकणं असेल तर खुशाल घ्या. गायक मधे, पेटी एका बाजूला, तबला दुसऱ्या बाजूला, ही बैठक मात्र एका खोक्यातून उभी राहत नाही. घेतलात तर मागे वायर जोडायची एक तरी खाच आहे ना, हे पाहून घ्या. अॅपचा आधार काही वर्षांनी सुटू शकतो, वायरची खाच राहते.

१३. भाऊ जहाजावर आहे, तो बाहेरून आणतो म्हणतो. स्वस्त पडेल ना?

कधी कधी पडतो. आखातातला माल २२०-२४० व्होल्टचा असतो, फक्त प्लग बदलावा लागतो. अमेरिकेतला १२० व्होल्टचा असू शकतो, आणि तो थेट आपल्या २३० वर लावला तर जळेल. मागच्या पट्टीवर '१००-२४०' लिहिलेलं असेल तरच निर्धास्त. अॅम्प्लिफायर नसलेल्या जोडीला हा प्रश्न येतच नाही. बाहेरच्या खरेदीची हमी इथे बहुधा चालत नाही, आणि दुरुस्तीसाठी सात-आठ किलोचा एकेक स्पीकर परत पाठवणं महाग पडतं. अॅम्प्लिफायर आणि अॅप पोटात असलेला स्पीकर मी तरी इथूनच घेईन.

१४. मे-जूनमध्ये विजा कडाडतात, लाइट जाते-येते. काय काळजी घ्यावी?

गडगडाट सुरू झाला की प्लग काढा. बटण बंद करणं पुरेसं नाही. नेटची आणि केबल टीव्हीची वायरही काढा, वीज तिथूनही शिरते. सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा अचानक झटका अडवणारं साधन, लावणार असाल तर आधी घरातलं अर्थिंग खरं आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या, त्याशिवाय तो नीट काम करत नाही. सतत 'हूं' असा गुणगुणाट येत असेल तर सेट-टॉप बॉक्सची वायर क्षणभर काढून पाहा. गुणगुणाट थांबला तर दोष स्पीकरचा नाही.

१५. नवा स्पीकर वाजवून वाजवून 'मोकळा' होतो म्हणतात. महिनाभर थांबू?

परतीची मुदत संपेपर्यंत थांबू नका. कोनाची लवचीकता पहिल्या काही तासांत किंचित बदलते, पुढचा बदल बराचसा आपल्या कानाच्या सवयीचा असतो. पहिल्या आठवड्यात जे टोचतं ते टोचतच राहतं.

१६. वापरलेला घ्यावा का?

जोडी अॅम्प्लिफायर नसलेली असेल तर जरूर. कोनाच्या मधल्या टोपीच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवून तो हलकेच आत दाबा. खरखर लागली तर सोडून द्या. फोमच्या कडेचं प्रश्न १० मध्ये आलंच आहे.

१७. सबवूफर जोडू का?

आधी ८ आणि ९ मधलं करून पाहा. त्यानंतरही बेस गिटारची उणीव भासली तर जोडा, साधारण ८० हर्ट्झला जोड द्या, म्हणजे त्याखालचे स्वर सबवूफरकडे जातील, आणि तो आहे हे कळणार नाही इतकाच वाजू द्या. शेजाऱ्यांना भिंतीतून तोच पोचतो.

१८. केसरबाईंच्या, मोगूबाईंच्या जुन्या ध्वनिमुद्रिका चांगल्या स्पीकरवर उलट वाईट का लागतात?

हा प्रश्न फार जिव्हाळ्याचा आहे. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, या दोघींची गाणी आपल्याकडे कितीतरी घरांत सकाळी लावली जातात. केसरबाईंचा स्वर तर १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून अंतराळात गेला. पण ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची, आणि तिच्यात वरच्या बारीक स्वरांपेक्षा खरखरच जास्त. तुमचा स्पीकर वरची पट्टी स्वच्छ वाजवतो, म्हणून खरखरही स्वच्छ वाजवतो. त्यात त्याची चूक नाही.

ट्रेबल दोन-तीन डेसिबल उतरवा. मुद्रण मुळात एकेरी, म्हणजे मोनो, आहे, त्यामुळे आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध, एका बिंदूतून आला पाहिजे. सरकत असेल तर स्पीकरची अंतरं फीतीने मोजून सारखी करा. खरखर काढून गुळगुळीत केलेल्या आवृत्त्यांपेक्षा खरखर असलेल्या निवडा, कारण खरखरीबरोबर तानेतली धारही पुसली जाते. मग दोन मिनिटं थांबा. कान खरखर बाजूला ठेवायला शिकतो आणि आकार समोर उभा राहतो.

१९. रात्री हळू लावलं की गाण्यात जीव राहत नाही. स्पीकर कमी पडतोय का?

नाही, कान असाच आहे. आवाज कमी झाला की बास आपल्याला प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतो. 'लाउडनेस' बटण त्यासाठीच असतं, रात्री लावा, दिवसा काढा. हळू आवाजातही बोल स्पष्ट कळतात का, ही कसोटी दुकानातच घ्या. निवासी भागात रात्री दहा ते सहा ४५ डेसिबलची कायदेशीर मर्यादा आहे, आणि शेजारच्या घरात परीक्षेचं पोर असेल तर त्याहून अलीकडेच थांबावं.

२०. आईला एका कानाने कमी ऐकू येतं. तिच्यासाठी जोडी घेण्यात अर्थ आहे का?

आहे. हेडफोनमध्ये डावं फक्त डाव्या कानाला जातं, खोलीत मात्र दोन्ही स्पीकरचा आवाज दोन्ही कानांपर्यंत पोचतो, त्यामुळे तिचं अर्धं गाणं हरवत नाही. मोबाइलमधल्या 'मोनो ऑडिओ'च्या सोयीने दोन्ही बाजू एक करता येतात, बाजूला टाकलेली पेटी मग मधे येते. तिची खुर्ची स्पीकरपासून पाच-सहा फुटांवर ठेवा, चांगला कान खोलीच्या मोकळ्या बाजूला आणि अधू कान भिंतीकडे करून. श्रवणयंत्र वापरत असतील तर त्यात गाण्यासाठी वेगळा प्रोग्राम आहे का ते तपासणाऱ्याला विचारा, कारण बोलण्यासाठी बसवलेल्या यंत्रातून तानपुरा कधी कधी फाटल्यासारखा येतो. आणि दुकानात जाताना त्यांनाच सोबत न्या. प्रश्न ३ मधलं पेटीचं रेकॉर्डिंग लावा आणि कुठला स्पीकर बरा वाटतो हे त्यांना आधी सांगू द्या.